सुईचा नंबर, नळीचा नंबर: वॉर्डात नव्यानं आलेल्यांसाठी

सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) एका लेकराला सलाईन लावायची होती. मी ट्रेमधून २४ नंबरची पिवळी कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, उचलली, तशी त्याची आजी स्टुलावरून उठून माझ्या हाताशी आली. "चोवीसची नको वं बाई. केवढासा हात हाये त्याचा! लहान नंबरची लाव ना. अठराची नाही काय तुह्याजवळ?"

आजीच्या हिशेबात काही चूक नव्हती. चपलेचा नंबर वाढला की चप्पल मोठी होते, बांगडीचा नंबर वाढला की बांगडी मोठी होते. मग सुईचा नंबर वाढला की सुई मोठी, असंच कोणालाही वाटणार. मी १८ ची हिरवी आणि २४ ची पिवळी अशी दोन पाकिटं तिच्यासमोर शेजारी शेजारी धरली. पारदर्शक बाजूनं आतली सुई दिसत होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि पिवळीवर बोट ठेवलं. "मंग हेच लाव माय."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं स्टाफ नर्स आहे. दरवर्षी एएनएम, जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या नव्या मुली येतात, वॉर्डबॉय म्हणून नवी पोरं लागतात. पहिला महिनाभर त्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ते हे नंबर. तक्ता परीक्षेपुरता पाठ असतो, पण रात्री दोन वाजता ट्रेसमोर उभं राहिलं की तक्ता आठवत नाही. आजीला जसं पाकिटं शेजारी धरून दाखवलं तसं कोणी त्यांना दाखवलेलं नसतं. म्हणून मी नव्या मुलींना ज्या क्रमानं शिकवते, त्याच क्रमानं इथे लिहिते आहे. कोणाला काय लावायचं हे डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर ठरवतील. त्यांनी मागितलेली वस्तू नेमकी हातात देता यावी आणि चुकीची वस्तू आली तर ती टोचण्याआधी ओळखता यावी, एवढ्यासाठी हे आहे.

पायरी १: पाकीट उजेडात धरा आणि मिलिमीटर शोधा

स्टोअरमधून एक साधी सुई, एक कॅन्युला आणि एक लघवीची नळी मागून घ्या. उघडू नका, फक्त वाचा.

साध्या सुईच्या पाकिटावर असं काही असेल: २३जी, १ इंच, आणि जवळच बारीक अक्षरांत ०.६ × २५ मिमी. कॅन्युलावर असेल २४जी, ०.७ × १९ मिमी. लघवीच्या नळीवर १६ एफआर किंवा १६ सीएच, कधी कंसात ५.३ मिमी, आणि शेजारी बलूनचा आकडा.

जी म्हणजे गेज, एफआर म्हणजे फ्रेंच, आणि सीएच हे फ्रेंचचंच दुसरं नाव. गेज आणि फ्रेंच या दोन वेगवेगळ्या बोल्या समजा. मिलिमीटर मात्र दोन्हींना सारखा. २३जीची सुई किती जाड? ०.६ मिमी. २४जीची कॅन्युला? ०.७ मिमी. म्हणजे २४ ची कॅन्युला २३ च्या सुईपेक्षा किंचित जाड निघाली! नंबर मोठा तितकी सुई बारीक, हा पुस्तकातला नियम पाठ केलेली मुलगी इथे अडते. कारण सोपं आहे. सुईचा आकडा स्टीलच्या सुईचा असतो, तर कॅन्युलाचा आकडा शिरेत राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा असतो. कॅन्युलाच्या आतली सुई त्याहून बारीक असते, ती आपण काढून टाकतो. म्हणून सुईचे नंबर सुईशी जुळवायचे आणि कॅन्युलाचे कॅन्युलाशी. दोन्हींची तुलना करायची वेळ आली तर मिलिमीटर वाचायचे.

पायरी २: गेज म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या

गेज हे मुळात तारेचं माप. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमकडे तार ओढणाऱ्या कारागिरांमध्ये ते चालायचं, म्हणून त्याला बर्मिंगहॅम वायर गेज म्हणतात. जाड तार भोकातून ओढून बारीक करायची, मग आणखी लहान भोकातून ओढायची. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी ती बारीक आणि तितका तिचा नंबर मोठा. वैद्यकीय सुई म्हणजे पोकळ तारच, म्हणून तेच माप तिला चिकटलं.

आपल्या भागात हे समजायला अवघड जाऊ नये. कुंपणाची तार आणायला हार्डवेअरच्या दुकानात जा, १४ गेजची तार १२ गेजपेक्षा पातळ मिळेल. त्याहून घरातलं उदाहरण सुताचं. वर्धा-सेवाग्रामकडे ज्यांच्या घरी कधी चरखा चालला, त्यांना ठाऊक असतं की सुताचा अंक जितका मोठा तितकं सूत बारीक. मी नव्या मुलींना हेच सांगते: सुईचा नंबर सुतासारखा वाचायचा. एक मुलगी मला नंतर म्हणाली की तिच्या आजोबांच्या कताईमुळे ते तिच्या डोक्यात कायमचं बसलं.

दोन नंबरांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. १८ ची सुई १.२ मिमी, १९ ची १.१, २० ची एकदम ०.९, २१ ची ०.८, २२ ची ०.७, २३ ची ०.६. मग पावलं लहान होतात: २४ ची ०.५५, २५ ची ०.५, २६ ची ०.४५. इथे हिशेब करून काढता येईल असं सूत्र नाही. आपल्या वॉर्डात रोज लागणारे पाच-सहा आकडे डोक्यात राहिले तरी काम भागतं.

आणखी एक गोष्ट. हे माप बाहेरून घेतलेलं असतं. आतलं भोक त्याहून बरंच लहान असतं. २१ ची सुई बाहेरून ०.८ मिमी असते, पण नेहमीच्या जाडीच्या भिंतीची असेल तर आतली वाट जेमतेम अर्धा मिलिमीटर. औषध त्या अर्ध्या मिलिमीटरमधून जातं. बेंझाथिन पेनिसिलिनसारखं दाट, दुधाळ औषध २४ च्या सुईनं द्यायला गेलात तर ते अर्ध्यात अडकतं, सुई तुंबते आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. त्याला २१ च्या आसपासची सुईच लागते, आणि बाटली हलवल्यावर औषध खाली बसू न देता द्यावं लागतं.

पायरी ३: रंगावर विसंबू नका

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते, कारण यात मी स्वतः चुकले आहे.

मी नवीन होते. पावसाळ्याची रात्र, लेबर रूममध्ये एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. इन्चार्ज सिस्टर पोट चोळत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हिरवी दे, लवकर." मी ट्रेमध्ये हिरवं दिसलं ते उचलून दिलं. ती होती २१ नंबरची हिरव्या पंखांची स्काल्प व्हेन, म्हणजे धरायला प्लॅस्टिकचे पंख असलेली सुई. त्यांना हवी होती १८ नंबरची हिरवी कॅन्युला. त्यांनी एका नजरेत ओळखलं, स्वतः हात लांबवून घेतली, दुसऱ्या हातातही एक लावली, आणि बाई वाचली. पण तेवढा अर्धा मिनिट मला आजही आठवतो. सकाळी चहा घेताना त्यांनी मला रागावून नाही, शेजारी बसवून सांगितलं: "रंग माझ्या तोंडून आला, ती माझी चूक. पण तू नंबर वाचून द्यायला हवं होतंस."

गडबड होते ती अशी. साध्या सुया आणि कॅन्युला यांचे रंग जगभरात ठरलेले आहेत, पण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. स्काल्प व्हेनचे पंख सुईच्या नियमानं रंगवतात.

सुईत आणि स्काल्प व्हेनमध्ये गुलाबी म्हणजे १८, पिवळी म्हणजे २०, हिरवी म्हणजे २१, काळी म्हणजे २२, निळी म्हणजे २३, जांभळी म्हणजे २४, नारिंगी म्हणजे २५, तपकिरी म्हणजे २६.

कॅन्युलात नारिंगी म्हणजे १४, राखाडी म्हणजे १६, हिरवी म्हणजे १८, गुलाबी म्हणजे २०, निळी म्हणजे २२, पिवळी म्हणजे २४, जांभळी म्हणजे २६.

नारिंगी रंगच घ्या. नारिंगी सुई ०.५ मिमीची, अगदी बारीक. नारिंगी कॅन्युला २ मिमीच्या थोडी वर, वॉर्डातली सगळ्यात जाड. लघवीच्या नळीचं नारिंगी तोंड म्हणजे १६ फ्रेंच, ५.३ मिमी. आणि इन्सुलिनच्या सिरिंजचं नारिंगी टोपण जाडीबद्दल काहीच सांगत नाही, त्याचा अर्थ पुढे येईलच. एका रंगाचे चार अर्थ, आणि चारही वस्तू एकाच कपाटात.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: मागणारा वस्तूचं नाव आणि नंबर म्हणेल, देणारा पाकिटावरचा नंबर वाचून मोठ्यानं परत म्हणेल. "१८ ची कॅन्युला." "१८ ची कॅन्युला, घ्या." यात दोन सेकंद जातात.

पायरी ४: जाडी वाढली की धार किती वाढते

संत्र्याच्या बागेला पाणी देणाऱ्याला हे सांगायला नको. पाइप थोडा जाड घेतला की पाणी थोडं नाही, खूप जास्त येतं, आणि पाइप लांबवला की धार मंदावते. नळीच्या आतल्या पोकळीची रुंदी दुप्पट केली तर त्याच दाबावर सोळापट द्रव जाऊ शकतो. हा नियम प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग करून मांडला.

कॅन्युलाच्या पाकिटावर एका मिनिटात किती मिली जातं ते छापलेलं असतं. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण साधारण १८ नंबरला ९० मिली, २० ला ६० मिली, २२ ला ३६ मिली, २४ ला २० मिलीच्या आसपास. ५०० मिलीची बाटली पूर्ण उघडी सोडली तर १८ मधून साडेपाच मिनिटांत, २४ मधून पंचवीस मिनिटांत. हे आकडे साध्या पाण्याचे आणि ठरावीक दाबाचे आहेत. प्रत्यक्षात हात वाकलेला असतो, बाटली खाली टांगलेली असते, रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, म्हणून वेळ जास्तच लागतो. दोघांमधला फरक मात्र तसाच राहतो.

त्या रात्री सिस्टरना हिरवी कॅन्युला का हवी होती, ते इथे कळतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, अपघात, उष्माघातानं कोसळलेला शेतमजूर, अशा वेळी जाड शीर शोधून १६ किंवा १८ ची कॅन्युला, जमल्यास दोन्ही हातांत. प्रौढाला रक्त द्यायचं असेल तर १८ किंवा २०. नेहमीच्या सलाईन-इंजेक्शनला २० किंवा २२. लहान मुलं, म्हातारी माणसं, बारीक शिरा, तिथे २२ किंवा २४. नवजात बाळाला २४, अगदी कमी वजनाच्या बाळाला २६.

मोठ्या कॅन्युलाचा मोह मात्र धरू नका. शिरेपेक्षा जाड नळी घातली तर ती शिरेला घासते, हात सुजतो, दोन दिवसांत शीर दोरीसारखी कडक होते. सिकलसेलच्या मुलांची मला याच कारणानं फार काळजी वाटते. गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत आपल्याकडे हा आजार आहे, आणि ही लेकरं वर्षातून अनेकदा भरती होतात. दहाव्या वर्षीच त्यांच्या हाताच्या चांगल्या शिरा संपलेल्या असतात. त्यांना काम भागेल एवढी बारीक कॅन्युला लावायची, आणि कोपराच्या खोबणीतली शीर अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायची.

साप चावलेल्या माणसाची गोष्ट निराळी. सर्पदंशावरच्या लसीच्या सुरुवातीला साधारण १० बाटल्या लागतात, प्रत्येक १० मिलीत विरघळवून सलाईनमधून तासाभरात जातात. त्याला २० ची कॅन्युला पुरते, पण ॲलर्जीची रिॲक्शन आली तर झटपट औषध आणि सलाईन जायला हवी, म्हणून जमेल तर १८. न चावलेल्या हातातच लावायची. घोणस चावली असेल तर रक्त गोठत नाही, तेव्हा शीर सापडेपर्यंत टोचत राहणं म्हणजे प्रत्येक भोकातून रक्त वाहणं. कमरेत इंजेक्शन तर द्यायचंच नाही. पहिल्याच प्रयत्नात लागावी म्हणून तिथे वॉर्डातल्या सगळ्यात सरावाच्या हाताला बोलवा.

पायरी ५: लांबी

जाडीइतकंच लांबीकडे पाहा. १ इंच म्हणजे २५ मिमी, दीड इंच म्हणजे ३८ मिमी. दंडावरच्या स्नायूत द्यायला १ इंच पुरते. भरल्या अंगाच्या बाईच्या कमरेत १ इंचाची सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही, औषध चरबीत राहतं आणि गाठ धरते, तिथे दीड इंच लागते. बाळाच्या मांडीत पेंटाव्हॅलेंट लस देताना १ इंच, २३ नंबर. बीसीजी कातडीच्या थरातच द्यायची असते म्हणून २६ नंबरची आखूड सुई. लसीकरणाच्या एडी सिरिंजला (एकदा वापरली की आपोआप बाद होणारी) सुई जोडूनच येते, तिथे निवडायचं काही नसतं, पण बीसीजीची ०.१ मिलीची सिरिंज आणि इतर बहुतेक लसींची ०.५ मिलीची सिरिंज यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पायरी ६: आता नळ्या, आणि इथे नंबर सरळ

नळ्यांचं माप फ्रेंच. जोसेफ-फ्रेडरिक-बेन्वा शारिएर हा मूळचा स्वित्झर्लंडचा, पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा. त्यानं १८४२ मध्ये हे माप आणलं. काही पाकिटांवर एफआरऐवजी सीएच लिहिलेलं असतं, ते त्याच्या नावाचं आद्याक्षर. दोन्ही एकच.

हिशेब तोंडी जमतो. नंबराला ३ नं भागा, मिलिमीटर आले. १२ म्हणजे ४ मिमी, १६ म्हणजे ५.३ मिमी, १८ म्हणजे ६ मिमी. उलट जायचं तर मिलिमीटरला ३ नं गुणा. माप इथेही बाहेरूनच. नंबर मोठा तर नळी जाड, म्हणजे आजीचा हिशेब इथे अचूक लागू पडतो.

दोन्ही मापं एकमेकांशेजारी ठेवून पाहा म्हणजे डोळ्याला सवय होते. नवजात बाळाची ५ फ्रेंचची फीडिंग नळी १.७ मिमी, आणि १६ ची राखाडी कॅन्युला जवळजवळ तेवढीच. एक ५ नंबर, एक १६ नंबर, जाडी सारखी. नागपूरच्या मेडिकलहून परत आलेल्या पेशंटच्या मानेत कधी तीन तोंडांची सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असते. तिच्यावर बाहेरच्या जाडीसाठी ७ फ्रेंच, आणि तीन तोंडांवर १६जी, १८जी, १८जी असं लिहिलेलं दिसतं. एकाच नळीवर दोन्ही मापं. आता ते वाचता यायला हवं.

लघवीच्या नळीत बायांना साधारण १२ ते १४, पुरुषांना १४ ते १६ लागते. लघवीतून रक्ताच्या गाठी जात असतील तर २० ते २४, तीही तीन तोंडांची, म्हणजे धुता येते. लहान मुलांना ६ ते १०. काम भागेल त्यातली बारीक नळी घ्यावी. जाड नळीनं मूत्रमार्गाला जखम होते आणि बाजूनं गळती थांबत नाही. नातेवाईक म्हणतात, "लघवी बाजूनं येते, मोठी नळी टाका ना सिस्टर." बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं: नळी पायाखाली मुडपलेली, पिशवी अंथरुणापेक्षा वर ठेवलेली, नाहीतर पेशंटला बद्धकोष्ठता. ते आधी बघा.

लघवीच्या या नळीला फोली म्हणतात. फोलीच्या तोंडाचे रंग: १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा, १६ नारिंगी, १८ लाल, २० पिवळा. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) आणि नाकातून पोटात घालायच्या रायल्स ट्यूबलाही याच रंगांची रीत आहे, म्हणून नळ्यांपुरता रंग थोडा भरवशाचा. तरी नंबर वाचाच.

फोलीच्या पाकिटावर आणखी एक आकडा असतो: ५ मिली, १० मिली किंवा ३० मिली. हा बलूनचा. नळी मूत्राशयात टिकून राहावी म्हणून आत छोटा फुगा फुगवतात, त्यात किती निर्जंतुक पाणी भरायचं ते हा आकडा सांगतो. सलाईन भरू नये, त्यातल्या मिठाचे कण बारीक वाटेत बसले की फुगा रिकामा होत नाही. मी पाणी भरताना सिरिंजवरची रेघ शेजारच्या मुलीला वाचायला लावते आणि पेपरवर लिहिते: फोली १४ फ्रेंच, बलून १० मिली, तारीख, वेळ. काढताना तेवढंच पाणी परत यायला हवं. १० भरले आणि ४ च आले तर नळी ओढायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. आणि नळी कापून पाणी निघेल असा सल्ला कोणी दिला तर ऐकायचा नाही.

घरी नळी घेऊन जाणाऱ्यांना हाच कागद द्या. पक्षाघात झालेल्या माणसाची नळी महिन्यानं बदलायला दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात नेतात, आणि तिथली सिस्टर पहिल्यांदा हेच विचारते.

पायरी ७: जिथे माप आतून घेतात

श्वासाची नळी, म्हणजे एंडोट्रॅकियल ट्यूब, आतल्या मापानं ओळखतात. ७.० लिहिलेलं असेल तर आतली वाट ७ मिमी. बायांना साधारण ७ ते ७.५, पुरुषांना ८ च्या आसपास. ग्रामीण रुग्णालयात हे काम डॉक्टरचं, पण सक्शन आपल्यालाच करावं लागतं. सक्शनची नळी आतल्या वाटेच्या निम्म्याहून जाड नसावी, नाहीतर पेशंटचा श्वास कोंडतो. हिशेब असा: ट्यूबच्या नंबराचं निम्मं करा आणि ३ नं गुणा. ८ ची ट्यूब, निम्मे ४, तिप्पट १२, म्हणजे १२ फ्रेंचची पांढरी. ७ ची ट्यूब, साडेतीन, तिप्पट साडेदहा, म्हणजे खालची १० ची काळी.

पायरी ८: इन्सुलिनच्या सिरिंजचा नंबर जाडीचा नाही

हे खरं तर सुयांच्या मापात बसत नाही, पण सोडून दिलं तर मला झोप लागणार नाही. इन्सुलिनच्या सिरिंजवर ४० किंवा १०० लिहिलेलं असतं, ते एका मिलीत किती युनिट इन्सुलिन आहे त्याचं. आपल्याकडे दोन्ही ताकदींच्या बाटल्या मिळतात. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. बाटली ४० ची असेल तर सिरिंज ४० ची, बाटली १०० ची असेल तर सिरिंज १०० ची.

अदलाबदल झाली तर काय होतं ते कागदावर करून बघा. बाटली १०० ची, सिरिंज ४० ची, आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं. ती रेघ अर्ध्या मिलीवर असते, त्या अर्ध्या मिलीत ५० युनिट गेले. पेशंटची साखर उतरून तो रात्रीच बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं, बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची, तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि साखर उतरत नाही. गावात बहुतेकदा मुलगा किंवा सून इंजेक्शन देते आणि सिरिंज तालुक्याच्या मेडिकल दुकानातून मिळेल ती येते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मी बाटली आणि सिरिंज दोन्ही त्यांच्या हातात देते आणि दोन्हींवरचा आकडा त्यांनाच वाचायला लावते.

पायरी ९: लिहायचं कसं

इंडेंट, म्हणजे स्टोअरची मागणीची चिठ्ठी, भरताना "कॅन्युला हिरवी, १ डबा" असं लिहू नका. स्टोअरकीपरला त्यातून नेमकं काही कळत नाही, आणि चुकीचा डबा आला की तो महिनाभर कपाटात पडून राहतो. असं लिहा: आयव्ही कॅन्युला १८जी, ५० नग. डिस्पोजेबल सुई २३जी, १ इंच, १०० नग. फोली कॅथेटर दोन तोंडी, १४ फ्रेंच, १० नग. इन्फंट फीडिंग ट्यूब ६ फ्रेंच, १० नग. गेजच्या पुढे जी, फ्रेंचच्या पुढे एफआर, कधीच नुसता आकडा नाही. "१६" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर मला एकदा कॅन्युला हवी असताना फोली मिळाली आहे.

पेशंटला पुढे पाठवताना १०८ येईपर्यंत जी चिठ्ठी भरता, तिच्यावरही हेच. उजव्या हातात १८जी, डाव्या हातात २०जी, लावल्याची वेळ, फोली १४ फ्रेंच बलून १० मिली. मग गाडी निघण्याआधी चिठ्ठी घेऊन पेशंटजवळ जा आणि हातावरची कॅन्युला, नळीचं तोंड आणि कागदावरचा आकडा एकदा जुळवून बघा. चिकटपट्टी नंबरावर आली असेल तर ती थोडी बाजूला करून पुन्हा लावा.